बॅटरीवाचून रेडिओ

तेर हे तेरणा नदीकाठचे गोरा कुंभारांचे गाव. जमलेल्या संतमंडळींच्या मस्तकांवर थापटणे मारून गोरोबांनी कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे याची परीक्षा केली व नामदेव कच्चे ठरले, ही कथा सर्वश्रुत आहे. घरी जुळविलेले विद्युत्-उपकरण बिघडते तेव्हा हीच रीत उपयोगी पडते. एकाच भागावर संशय न ठेवता प्रत्येक मडके क्रमाने वाजवून पाहावयाचे.

दीड व्होल्टच्या सहा सेलांवर चालणारा रेडिओ घरच्या विजेवर चालावा म्हणून पुष्कळ हौशी मंडळी बॅटरी एलिमिनेटर स्वतःच तयार करतात. त्यात ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा दाब १२ वर उतरवितो. चार डायोड उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहास एकच दिशा देतात. कंडेन्सर त्यातील चढउतार भरून काढतो. आणि शेवटी रेग्युलेटर नेमके ९ व्होल्ट पुढे सोडतो.

आता तेरसारख्या गावातील एका घराची कल्पना करावी. दुपारी रेडिओ स्वच्छ ऐकू येतो, परंतु दिवेलागणीस भजन सुरू होताच मागे घूं घूं असा आवाज उठतो. अशा वेळी पहिला आरोप बिचाऱ्या रेग्युलेटरवर येतो. तो बदलला तरी घुमणे तसेच राहते, कारण दोष त्याचा नसतोच.

येथे थोडे गणित करणे इष्ट. १२ व्होल्ट हे प्रत्यावर्ती दाबाचे परिणामी (आरएमएस) माप होय. त्याचे शिखर सुमारे १७ असते. वाटेतील दोन डायोड १.४ व्होल्ट खातात, म्हणजे कंडेन्सरवर साधारण १५.५ उरतात. रेडिओ ०.२ अँपिअर प्रवाह घेत असेल आणि कंडेन्सर १००० मायक्रोफॅरडचा असेल, तर दोन शिखरांच्या मध्ये दाब आणखी २ व्होल्टने खचतो. तरीही १३.५ उरतात. रेग्युलेटरला ११ च्या आसपास हवे असतात, त्यामुळे दुपारी तक्रार नसते. सायंकाळी गावभर दिवे व पंखे लागून दाब १९० वर आला, की शिखर १४, डायोडांनंतर १२.६, आणि खळग्याच्या तळाशी अवघे १०.६! सेकंदास शंभर वेळा रेग्युलेटर उपाशी राहतो, आणि ही उपासमारच कर्ण्यातून घुमते. साधा मीटर सरासरी दाखवीत असल्यामुळे तो हा खळगा लपवितो. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

उपाय स्वस्त आहे. २२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घातला, तर खळगा एका व्होल्टहूनही कमी होतो आणि रेग्युलेटरला ११.७ मिळतात. कंडेन्सर जुना असेल, तर त्याचे मूळ सामर्थ्यही उष्णतेने घटलेले असण्याचा संभव असतो.

घुमण्याचा स्वर मात्र लक्षपूर्वक ऐकावा. तो नेहमीपेक्षा खर्जात, म्हणजे शंभराऐवजी पन्नास कंपनांचा वाटला, तर चारांपैकी एखादा डायोड तुटलेला समजावा. ट्रान्सफॉर्मर तापत असेल किंवा फ्यूज वारंवार जात असेल, तर डायोड तुटलेला नसून आरपार झालेला असतो. रेडिओ काही वेळ चालून बंद पडत असेल व थंड होताच पुन्हा बोलू लागत असेल, तर रेग्युलेटर अति तापून स्वतःच थांबतो आहे; त्यास ॲल्युमिनियमचा पत्रा जोडावा.

तपासणी वीजपुरवठ्याच्या बाजूने सुरू करून पुढे जावे, आणि रेडिओ जोडलेला असतानाच मोजमाप घ्यावे. भार नसता सर्वच आकडे चांगले दिसतात. नव्या जोडणीस प्रथम वीज देताना चाळीस वॉटचा साधा दिवा वाटेत ओवावा. तो लख्ख पेटला, तर आत कोठेतरी तारा भिडल्या आहेत, असे घर न जाळता कळते. ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूस हात लावण्यापूर्वी प्लग काढलाच पाहिजे. मुलांच्या हाती हे काम एकटे देऊ नये. आणि नवा कंडेन्सर बसविताना त्याच्या अंगावरील ऋण खुणेची पट्टी दोनदा पाहावी. उलट जोडलेला कंडेन्सर फुगतो व फुटतो.