कोसाडचे भात आणि विजेची ऊब

पीक हाती आले असे आपण म्हणतो, तेव्हा ते खरोखर हाती आलेले नसते. कापणी झाली, झोडणी झाली, वारे देऊन पोचट दाणा वेगळा झाला, तरी दाण्यातली ओल जाईपर्यंत त्या धान्यावर पावसाचा हक्क शिल्लक राहतो. आणि अलीकडच्या वर्षांत हा हक्क वसूल करण्यासाठी पाऊस वेळीअवेळी दारात उभा राहू लागला आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या व कोकणच्या किनाऱ्याला घासून गुजरातेत शिरले. आंबा पडल्याचा गवगवा झाला. खळ्यावर भिजलेल्या उन्हाळी भाताची तेवढी दखल कोणी घेतली नाही. २०२५ साली तर मोसमी पाऊस २५ मे रोजीच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येऊन ठेपला. ज्यांचे वायंगणी भात त्या आठवड्यात अंगणात पसरलेले होते, त्यांना ऊन कुठून आणायचे हा प्रश्न पडला असेल, आणि त्यांची नजर घरातल्या विजेच्या बटणाकडे वळली असेल, तर त्यात नवल काही नाही.

या प्रश्नाचा विचार करताना आम्ही मुद्दाम कोसाडचे उदाहरण घेत आहोत. सुरतेहून बडोद्याच्या दिशेने निघालेली गाडी तापी ओलांडून उत्राणला येते आणि त्यापुढचे स्थानक कोसाडचे. २००६ साली हे गाव सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले. भोवती घरकुलांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि सुरतेच्या मागांवर राबणाऱ्या मराठी माणसांना, विशेषतः खानदेशातून आलेल्या कुटुंबांना, हा सारा परिसर परका उरलेला नाही. पण शहराची ही कड ओलांडली की ओलपाड तालुक्याचे भाताचे शिवार सुरू होते. १९५४ च्या सुमारास पुरा झालेला काकरापारचा बंधारा आणि १९७२ चे उकाई धरण यांच्या पाण्यावर तेथे पावसाळी भाताबरोबर उन्हाळी भातही निघते. गुजरातीत भाताला ‘डांगर’ म्हणतात. मराठी माणसाला तो शब्द ऐकून प्रथम भोपळा आठवतो, हा भाग वेगळा. सांगायचे ते एवढेच की, शेत आणि गिरण-कारखाना, ओले धान्य आणि तीन फेजची वीज, ही कोसाडच्या आसपास इतकी शेजारी नांदतात की, ‘एक पंखा आणा, दोन कॉइल लावा आणि भात सुकवा’ हा विचार तेथे फार लवकर सुचावा. पेडणे, सावंतवाडी वा अलिबागपासून ती वेळ फार दूर नाही. खारी हवा तीच, पाऊस तोच आणि उसनवार वायरीवर काम भागवण्याची सवयही तीच.

वीज वापरूच नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. धूर नाही, धान्याला वास नाही, उष्णता हवी तेवढीच देता येते, हे तिचे गुण निर्विवाद आहेत. आमचे म्हणणे इतकेच की, भात सुकवते ती हवा. हीटर हा त्या हवेचा मदतनीस आहे. ज्यांनी हा क्रम उलटा केला, त्यांच्या पदरी कणी पडते, आणि नशीब फिरले तर आग.

हे नीट समजून घेतले पाहिजे. कापणीच्या वेळी भातात वीस ते पंचवीस टक्के ओल असते. सरकारी खरेदीत सतरा टक्क्यांपर्यंतची ओल चालते. साठवायचे तर चौदाच्या खाली आणि बियाणे म्हणून ठेवायचे तर बाराच्या घरात यावे लागते. वीस टक्के ओलीचे एक हजार किलो भात चौदा टक्क्यांवर आणायचे, तर त्यातून सुमारे सत्तर किलो पाणी वाफ होऊन निघून जावे लागते. ही वाफ वाहून नेण्याचे काम हवेचे. पावसाळी हवा तीस अंश तापमानाची आणि नव्वद टक्के दमट असेल, तर ती काहीच उचलत नाही. तीच हवा अवघी पाच अंश तापवली की तिची आर्द्रता सत्तराच्या खाली येते आणि दहा अंश तापवली की पन्नाशीच्या आसपास. सत्तर टक्क्यांची हवासुद्धा भाताला हळूहळू तेरा-चौदा टक्क्यांवर आणून सोडते. म्हणजे लागते ती ऊब, धग नव्हे.

धग दिल्याने काय होते ते गिरणीवाला सांगेल. दाण्याचे कवच झपाट्याने सुकते, गाभा ओला राहतो, दाण्याला बारीक चीर पडते. खळ्यावर ती दिसत नाही; गिरणीत भरडताना तांदूळ तुटतो आणि अर्धा माल कणी म्हणून निघतो. चाळीसारख्या वाफ्यात थर देऊन सुकवायचे, तर आत जाणारी हवा त्रेचाळीस अंशांच्या वर जाऊ देऊ नये. बियाण्याच्या बाबतीत ही मर्यादा ओलांडली की उगवणशक्तीच मरते. मे महिन्याच्या दुपारी बाहेरची हवाच छत्तीस अंशांची असते. तिच्यात आणखी दहा अंश घातले तर मर्यादा कधीच मागे पडते. अशा वेळी नुसता पंखा पुरतो आणि हीटर बंद ठेवणे हेच शहाणपणाचे ठरते. थरही एका फुटाहून जाड नसावा, नाहीतर तळचे भात करपते आणि वरचे घामेजते.

आता विजेचा हिशेब. हजार किलो भाताच्या अशा थरातून दर सेकंदाला सुमारे एक घनमीटर हवा खेळली पाहिजे. एवढी हवा दहा अंश तापवायला बारा किलोवॅटचा हीटर लागतो. सहा-सात तास तो चालला की सत्तर ते शंभर युनिटे जळतात. आपापल्या दराने गुणून ज्याने त्याने खर्च काढावा. गोव्याच्या वा तळकोकणच्या गृहिणीला उकडा तांदूळ हवा असतो. उकडलेल्या भातात पस्तीस टक्क्यांच्या आसपास ओल असते, आणि तेवढ्याच हजार किलोंतून अडीचशे किलोंच्या जवळपास पाणी काढावे लागते, साडेतीनपट! ते विजेवर सुकवणे म्हणजे घर विकून तीर्थयात्रा करण्यासारखे आहे. भाताच्या वजनाचा पाचवा हिस्सा तूस असते. जेथे गिरणी आहे तेथे त्या तुसाची भट्टी करून, तिचा धूर धान्याला न लागेल अशी हवा तापवावी. वीज राखून ठेवावी ती बियाण्यासाठी, थोड्या मालासाठी आणि अर्धवट सुकलेल्या भाताची शेवटची दोन-चार टक्के ओल काढण्यासाठी. हे आमचे मत आहे. अनुभवी शेतकरी बंधूंना ते पटावे असे वाटते.

बारा किलोवॅट हा आकडा पुन्हा पाहा. तीन फेजवर तो भार वाटला तर प्रत्येक तारेतून सतरा अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. घरातल्या सर्वांत मोठ्या प्लगची मजल सोळा अँपिअरची असते आणि त्यावर तीन किलोवॅटच्या पुढे तासन्‌तास भार टाकणे धोक्याचे. सहा किलोवॅटचा हीटर एका फेजवर जोडला तर सव्वीस अँपिअर! लग्नमंडपात वापरलेल्या वायरी अंगणात ओढून जे हे करतात, ते रात्रभर एक मंद जळणारी वात दाराशी ठेवून झोपतात. वायर तापते, तिचे आवरण मऊ पडते, फ्यूज उडतो. मग फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळली जाते आणि शेवटचा राखणदारही जातो.

शेतीपंपाची जोडणी आहेच, ती वापरू, असा दुसरा मोह. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याहून वेगळ्या कामासाठी ती वापरणे हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. शिवाय गुजरातेत २००३ पासून राबवलेल्या ज्योतिग्राम योजनेने शेतीची वीज गावठाणाच्या विजेपासून वेगळी केली. शेतीला ती ठरावीक तासच मिळते. भात सुकवणे मध्येच सोडता येत नाही. म्हणून वाढीव भार रीतसर मंजूर करून घेणे, आणि परवानाधारक ठेकेदाराकडून जोडणी करून तिचा चाचणी-दाखला घेणे, याला पर्याय नाही.

जोडणीत पहिले स्थान अर्थिंगचे. हीटरची पेटी, पंखा, पत्र्याचा बोगदा, भाताची जाळी, जे जे धातूचे आहे ते सगळे एकमेकांशी व जमिनीशी पक्के जोडलेले असले पाहिजे. भात हलवणारी बाई अनवाणी असते, जमीन ओली असते, हात ओले असतात. कित्येक ठिकाणी न्यूट्रलची तारच अर्थ म्हणून पेटीला जोडण्याचा गलथानपणा चालतो. ती न्यूट्रल कुठे तुटली की सबंध पेटी जिवंत होते, आणि तिला हात लावणारा माणूस मात्र जिवंत राहत नाही. किनाऱ्यावरच्या खाऱ्या मातीत अर्थिंगची पट्टी गंजून जाते, म्हणून दर हंगामापूर्वी तिची मोजणी करून घ्यावी. सोबत तीस मिलिअँपिअरच्या गळतीवर तुटणारा आर.सी.सी.बी. हवाच.

येथे एक बारीक पण जीवघेणी गोष्ट सांगितली पाहिजे. हीटरच्या नळीत तार आणि बाहेरचे आवरण यांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. ही पूड हवेतली ओल शोषते. पावसाळाभर अडगळीत पडलेला हीटर आश्विनात चालू केला की त्यातून थोडी वीज गळते आणि आर.सी.सी.बी. पडतो. शेतकरी म्हणतो, ‘हे यंत्र खराब आहे’, आणि ते वगळून थेट जोडणी करतो. वस्तुतः यंत्राने आपले काम चोख बजावलेले असते. ओलावलेला हीटर आधी उन्हात किंवा कमी दाबाच्या विजेवर सुकवून, मेगरने त्याचा रोध तपासून, मगच जोडायचा. एक मेगओहमपेक्षा कमी रोध निघाला तर त्या दिवशी त्याला हात लावू नये.

दुसरे स्थान पंख्याचे. पंखा फिरत असल्याशिवाय हीटरला वीज मिळताच कामा नये, अशीच तारांची गुंफण हवी. तेवढ्यानेही भागत नाही. मोटर फिरते आणि पट्टा तुटलेला असतो, असे होऊ शकते. म्हणून हवेच्या प्रत्यक्ष दाबावर चालणारी कळ बोगद्यात बसवावी. लाइनवर दुरुस्ती झाल्यानंतर फेजची अदलाबदल होते, पंखा उलटा फिरू लागतो आणि हवा जवळपास थांबते. आवाज मात्र तोच येतो. एखादी फेज गेली तर मोटर घुरघुरत जळते. याकरिता फेजरक्षक रिले हवा. थर्मोस्टॅट तर हवाच, पण तो चिकटून बसला तर काय, याचा विचार करून त्याहून वरच्या तापमानाला तोडणारी आणि माणसाने हाताने दाबल्यावाचून पुन्हा न जुळणारी दुसरी कळ पाहिजे. आणि गेलेली वीज परत आली की हीटर आपोआप सुरू होता कामा नये. मध्यरात्री वीज येते तेव्हा राखणीचा माणूस बहुधा डुलकी घेत असतो.

चालवताना क्रम सोपा आहे: आधी पंखा, मग हीटर, थांबवताना आधी हीटर आणि पुढे दहा मिनिटे पंखा. काय टाळायचे तेही सांगितले पाहिजे. भाताच्या कुसांची, तुसाची, पेंढ्याची धूळ हीटरच्या नळ्यांवर बसते आणि तांबूस तापलेल्या नळीवर ती ठिणगीसारखी धरते. ती रोज, वीज तोडून आणि नळ्या निवल्यावर, झाडली पाहिजे. हीटर आणि भात यांच्यामध्ये पत्र्याचा लांब बोगदा असावा, लाकूड वा गोणपाट नसावे. रिकामी पोती त्या खोलीत साठवणे म्हणजे आगीला पाट मांडणे होय. सुरतेला हे वेगळे सांगायला नको. सरथाण्यातील तक्षशिला इमारतीच्या आगीत २४ मे २०१९ रोजी २२ विद्यार्थी गेले, आणि विजेचा दोष व बाहेर पडायला वाट नसणे ही दोन्ही कारणे साऱ्या देशाने वाचली.

हे सगळे वाचून एखादा दोन एकरांचा शेतकरी म्हणेल की, एवढी यंत्रणा माझ्याच्याने व्हायची नाही. त्याचे म्हणणे रास्त आहे आणि आमचा खरा रोख तिकडेच आहे. एकेकट्याने ही सामग्री घेतली तर तो स्वस्त काढायला जाणार आणि पहिली काटछाट अर्थिंगची व रिलेची होणार. दक्षिण गुजरातेत सहकाराची मुळे खोल आहेत. कोकणात आणि गोव्यातही विविध कार्यकारी सोसायट्या आहेत. सोसायटीच्या गोदामाशेजारी दोन-चार टनांचे एक सुकवणीघर, त्याला स्वतःची मंजूर जोडणी, ओल मोजण्याचे एक मीटर, आणि हंगामाचे दोन महिने तेथे रात्रपाळीला बसणारा एक शिकलेला मुलगा, एवढे झाले तरी पुरे आहे. दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि त्याची कर्जत, रत्नागिरी येथील भात संशोधन केंद्रे अशा मुलांना आठवडाभराचे शिक्षण देऊ शकतील. त्यांनी ते द्यावे अशी आमची त्यांना विनंती आहे. वीज कंपन्यांनी हंगामापुरता भार मंजूर करण्याची पद्धत सोपी करावी, कारण वर्षातून दोन महिने लागणाऱ्या भाराचे बारा महिने स्थिर आकार भरायला कोणतीही सोसायटी धजणार नाही.

कोसाडसारख्या ठिकाणी आणखी एक करावे लागेल. तेथे हमालीला येणारा आणि यंत्र चालवणारा माणूस पुष्कळदा मराठी वाचणारा असेल, मालक गुजराती. यंत्राच्या पेटीवर मुख्य बटण कोठे आहे, ते कसे तोडावे, आणि विजेचा झटका बसलेल्या माणसाला हात लावण्यापूर्वी आधी वीज बंद करावी, ही तीन वाक्ये दोन्ही भाषांत, ठळक अक्षरांत, डोळ्यांच्या उंचीवर रंगवलेली असावीत. दिवाळीपूर्वीच्या कापणीला ती वाचता यायची, तर रंगाऱ्याला नवरात्रातच बोलवावे लागेल.