गावोगावी गणितोत्सव

शाळांच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नाटक असते, गायन असते, वक्तृत्वाची चुरस असते. मैदानावर कबड्डी आणि खो-खोचे सामने रंगतात. अशा प्रसंगी हरलेला खेळाडूही ‘पुढल्या वर्षी पाहू’ या उमेदीने घरी जातो. गणिताच्या वाट्याला हे भाग्य सहसा येत नाही. ते विद्यार्थ्याला भेटते तासाला आणि परीक्षेला. आणि आठवी-नववीला पोहोचेपर्यंत पुष्कळ मुलामुलींनी ‘गणित हा आपला प्रांत नव्हे’ असा निकाल स्वतःविरुद्ध देऊन टाकलेला असतो. हा निकाल फिरविण्याचे एक चांगले साधन म्हणजे गावातल्या चार-सहा शाळांनी मिळून भरविलेली गणित-स्पर्धा आणि तिच्या जोडीचा उत्सव. मात्र हे साधन दुधारी आहे. योजना चुकली तर हुशार म्हणून आधीच ओळखल्या गेलेल्या मुलांना आणखी एक प्रशस्तिपत्र मिळते आणि इतरांच्या मनातला तो निकाल अधिकच पक्का होतो. म्हणून अशा स्पर्धेची मांडणी कशी असावी, हे तपशिलाने पाहणे अगत्याचे आहे.

गणिताच्या शालेय स्पर्धांना सव्वाशे वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. हंगेरी देशात १८९४ साली शालेय शिक्षण नुकतेच संपविलेल्या विद्यार्थ्यांसाठी अशी एक स्पर्धा सुरू झाली. प्रश्न तीनच, वेळ मात्र काही तासांचा. आणि पुस्तके व टिपणे जवळ बाळगण्यास मोकळीक. पाठांतराला तेथे किंमतच नव्हती, कसोटी होती ती विचाराची. विमानविद्येत पुढे जगभर नाव मिळविणारे थिओडोर फॉन कार्मान हे या स्पर्धेच्या विजेत्यांपैकी एक. त्याच सुमारास तेथील एका शाळाशिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी गणिताचे मासिकही काढले. त्यात कोडी येत, मुले उत्तरे धाडीत, आणि उत्तम उत्तरे सोडविणाऱ्याच्या नावानिशी छापली जात. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ साली रुमानियात सात देशांच्या सहभागाने सुरू झाले. भारताचा संघ त्यात प्रथम उतरला तो १९८९ साली, आणि १९९६ साली ते मुंबईतच भरले. ऑलिंपियाडची शिडी वर चढणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांसाठी असते. गावच्या स्पर्धेचे काम वेगळे आहे. पहिल्या पायरीवर पुष्कळांना पाय ठेवता यावा, हे तिने पाहावयाचे असते.

म्हणून पहिला प्रश्न येतो तो प्रवेशाचा. ‘प्रत्येक शाळेने आपले पहिले तीन विद्यार्थी पाठवावेत’ असे कळविले की स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच निम्मी संपते. त्यापेक्षा प्रत्येक शाळेने चौघे पाठवावेत. दोघे गुणांवरून निवडावेत आणि दोघे केवळ ‘मला यावेसे वाटते’ असे म्हणणाऱ्यांतून. चौघांत मुली असाव्यातच. दोन-तीन शिक्षकांवर चालणाऱ्या लहान शाळांनाही तेवढ्याच जागा द्याव्यात. पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी असे दोन गट पुरेसे होतात. दिवस ठरविताना श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस, २२ डिसेंबर, सर्वांना सुचतो. २०१२ सालापासून तो राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. पण नाताळची सुटी तोंडावर आलेली असते, हे ध्यानात घेऊन त्या आधीचा एखादा शनिवार धरलेला बरा.

स्पर्धेचा प्राण म्हणजे प्रश्नपत्रिका. दीड तासाला पाच प्रश्न भरपूर झाले. त्यांतले पहिले दोन असे असावेत की आलेल्या प्रत्येक मुलाला निदान एक तरी सुटेलच. शेवटचा असा असावा की सर्वांत तल्लख विद्यार्थ्यालाही तो घरी न्यावासा वाटेल. मोठमोठ्या आकड्यांचे गुणाकार म्हणजे अवघड प्रश्न, हा समज सोडून दिला पाहिजे. एक उदाहरण पाहा. एका स्पर्धेत ३७ मल्ल उतरले आहेत. प्रत्येक कुस्ती निकाली होते आणि हरलेला बाद होतो. एकच विजेता उरेपर्यंत किती कुस्त्या होतील? बहुतेक मुले पहिल्या फेरीत १८ जोड्या आणि एक शिल्लक, अशी मांडणी करीत जातात आणि शेवटी उत्तराला पोहोचतातही. पण एखादी मुलगी म्हणते, ‘प्रत्येक कुस्तीत एक जण बाद होतो, ३६ जण बाद व्हावयाचे आहेत, तेव्हा कुस्त्या ३६.’ दोघांचेही उत्तर बरोबरच आहे, परंतु दुसऱ्या रीतीतला आनंद निराळा. असा आनंद देणारा प्रश्न शोधण्यासाठी शिक्षकांनी महिनाभर आधी एकत्र बसावे, प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवून पाहावा आणि ज्याचा अर्थ दोन प्रकारे लागतो तो निःसंकोच काढून टाकावा.

शेवटच्या प्रश्नासाठी वजनांचे जुने कोडे नमुन्यादाखल घेता येईल. तराजूला दोन पारडी आहेत. १ ते ४० किलोपर्यंतचे कोणतेही पूर्ण वजन एकाच खेपेत करता यावे, तर कमीत कमी किती वजने हवीत? उत्तर चार : १, ३, ९ आणि २७. मालाच्या पारड्यातही वजन टाकता येते, ही यातली मेख. ५ किलो साखर द्यावयाची तर एका पारड्यात ९ आणि दुसऱ्यात साखरेसोबत ३ व १. ज्या विद्यार्थ्याला १, ३ आणि ९ या तिन्हींनी १३ किलोपर्यंत मजल मारता आली, त्याने वाट बरोबर पकडली आहे. त्याला शून्य देणे अन्यायाचे होईल. म्हणून तपासणीची कोष्टके आधीच ठरवावीत आणि योग्य दिशेने टाकलेल्या प्रत्येक पावलाला गुण ठेवावेत.

तपासणीचा हिशेब संयोजक बहुधा विसरतात आणि मग बक्षीससमारंभ दिवेलागणीपर्यंत लांबतो. १२० विद्यार्थी आणि प्रत्येकी पाच प्रश्न, म्हणजे ६०० उत्तरे झाली. प्रत्येक उत्तर दोघांनी स्वतंत्रपणे पाहावयाचे, तेव्हा १,२०० वाचने. एका वाचनाला दोन मिनिटे धरली तरी २,४०० मिनिटे, म्हणजे ४० तास. सोळा शिक्षक बसले तर अडीच तासांत हे काम उरकते. सहाच बसले तर सुमारे पावणेसात तास लागतील. उत्तरपत्रिकेवर नाव वा शाळा नसावी, केवळ क्रमांक असावा. एकाच प्रश्नाची सर्व उत्तरे एकाच जोडीकडे द्यावीत, म्हणजे मोजमाप सर्वांना सारखे राहते. दोघांच्या गुणांत अंतर पडले तर तिसऱ्याने पाहावे.

या अडीच तासांत मुलांनी करावयाचे काय? उत्सवाची जागा येथेच आहे. प्रांगणात दहा-बारा मेजे मांडावीत आणि प्रत्येकावर हाताने करून पाहण्याजोगे काही ठेवावे. एका मेजावर ताटल्या, डबे, बांगड्या आणि सुतळी; परिघाला व्यासाने भागून पाहावे आणि प्रत्येक वेळी तीनहून थोडी अधिक संख्या का येते, याचा विचार करावा. दुसऱ्यावर ठिपक्यांची रांगोळी. अर्धी काढून दिलेली, उरलेली अर्धी आरशातल्या प्रतिबिंबासारखी पुरी करावयाची. तिसऱ्यावर गावातल्या एखाद्या गवंड्याला मानाने बोलवावे. तीन, चार आणि पाच हातांच्या दोरीने तो पायाचा काटकोन कसा धरतो, हे मुलांनी त्याच्या हातून पाहावे. पायथागोरसचा सिद्धांत फळ्यावरून जमिनीवर उतरतो तो असा.

एक मेज दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या नावाचे असावे. नाशिकजवळच्या देवळालीस शाळाशिक्षक म्हणून आयुष्य घालविलेल्या या गृहस्थांनी, कोणत्याही साधनांवाचून, केवळ संख्यांशी खेळत १९४९ साली एक नवल जगापुढे ठेवले. चार अंकी संख्या घ्या, मात्र चारही अंक एकच नसावेत. अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. आलेल्या संख्येवर तीच क्रिया पुन्हा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. आणि ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ हीच संख्या येत राहते. कोणत्याही संख्येपासून निघा, फार तर सात पावलांत तेथेच पोहोचावे लागते. मुलांना हे सांगू नये. वहीवर करू द्यावे. वजाबाकीचा कंटाळा करणारा विद्यार्थी पाच-सहा वजाबाक्या आपण होऊन करतो, हे त्या मेजाचे यश.

बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदे येथील संयोजकांनी आणखी एक गोष्ट विशेष सांभाळली पाहिजे, ती भाषेची. इंदूरच्या शाळेत शिकणारे मराठी घरचे मूल ‘काटकोन’ वाचून थांबते, कारण त्याच्या पुस्तकात ‘समकोण’ असतो. त्याला ‘छेद’ ठाऊक नसतो, ‘हर’ ठाऊक असतो. आणि मराठीत ज्या आकृतीला चौरस म्हणतात, तिला ते ‘वर्ग’ म्हणते. बडोद्याच्या मुलाला गुजरातीतला ‘काटखूणो’ आणि ‘चोरस’ मात्र मराठीच्या अगदी शेजारचे वाटतात. बेळगावात मराठी, कन्नड आणि इंग्रजी, गोव्यात मराठी, कोकणी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतला मजकूर एकाच कागदावर शेजारी शेजारी छापावा आणि उत्तर कोणत्याही भाषेत लिहिण्याची मुभा द्यावी. तोंडी फेरीत तर अधिकच जपावे. मराठीत ‘एकवीस’ म्हणताना एकक आधी येतो, कन्नडमध्ये दशक आधी. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत घरी मराठी बोलणाऱ्या मुलांचीही गफलत होते. महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा उठलेला वाद पुष्कळांना आठवत असेल. वाद कसाही असो, स्पर्धेत उपाय सोपा आहे : प्रत्येक संख्या उच्चारताच ती फळ्यावर अंकांत लिहावी. भाषेपायी अडलेले मूल गणितात कच्चे ठरले, तर ती चूक संयोजकांची समजावी.

बक्षिसांपूर्वी अर्धा तास उत्तरांच्या चर्चेसाठी राखून ठेवावा. तेथे शिक्षकांनी मागे बसावे आणि विद्यार्थ्यांनी आपापली रीत फळ्यावर मांडावी. एकाच प्रश्नाच्या दोन-तीन निराळ्या रीती समोर आल्या तर फारच उत्तम. बक्षिसे पुस्तकांची असावीत. एकूण गुणांच्या पहिल्या तीन क्रमांकांबरोबरच प्रत्येक प्रश्नाच्या सर्वांत सुरेख उत्तराला एकेक बक्षीस ठेवावे, म्हणजे चार प्रश्नांत अडखळलेल्या विद्यार्थ्यालाही व्यासपीठावर चढण्याची वाट मोकळी राहते. गुणांची संपूर्ण यादी भिंतीवर लावू नये. तपासलेल्या उत्तरपत्रिका मात्र परत द्याव्यात. आपण कोठे अडलो हे पाहण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. शाळेची इमारत, शिक्षकांचा वेळ, कागद, छपाई आणि दुपारचा फराळ, एवढ्या भांडवलावर हे सारे पार पडते.

असा दिवस यशस्वी झाला की नाही, हे पारितोषिकांच्या छायाचित्रावरून कळत नाही. सोमवारी शाळा भरल्यावर तीन-चार मुले पाचव्या प्रश्नावर अजून वाद घालीत असतील, आणि त्यांत पहिल्या क्रमांकाच्या मुलाखेरीज आणखी कोणी असेल, तर पुढल्या वर्षीच्या तयारीला लागण्यास हरकत नाही.