बंबवाल्यांची पुन्हा पुन्हा परीक्षा

तुम्ही एकदा शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालात, की ते प्रमाणपत्र जन्मभराचे. दरवर्षी कोणी तुम्हाला पुन्हा भूमितीचा पेपर लिहायला बसवीत नाही. पण अमेरिकेतील टेक्सास राज्यात अग्निशामक जवानाच्या प्रमाणपत्राचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी १८ तासांचे शिक्षण घेतल्याची नोंद असावी लागते. त्या देशातील मोठ्या प्रवासी विमानतळांवरील जवानांना तर दर बारा महिन्यांत एकदा तरी खरीखुरी आग विझविण्याच्या सरावात उतरावे लागते. वीस वर्षे आगी विझविलेल्या माणसाला हे कशाला, असे तुमच्या मनात येईल. माझ्याही मनात आले होते. उत्तर असे, की माणूस तोच असला तरी आग ती राहिलेली नाही.

अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने सारख्या आकाराच्या खोल्यांच्या जोड्या करून काही प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. जोडीतील एका खोलीत लाकूड व कापूस यांचे जुन्या पद्धतीचे सामान होते, तर दुसरीत फोमचा सोफा आणि कृत्रिम धाग्यांचे पडदे. आग लावली ती साध्या मेणबत्तीने. नव्या सामानाची खोली पाच मिनिटांच्या आत सगळीच्या सगळी पेटली. जुनीला सुमारे अर्धा तास लागला! आपल्याकडेही कापसाच्या गादीची जागा फोमने घेतली आहे, तेव्हा ही गोष्ट केवळ परक्या देशाची समजू नका.

खोली 'सगळीच्या सगळी' एकदम कशी पेटते? तापलेला धूर छताखाली साचतो आणि खाली उष्णता प्रारित करतो. हे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. धूर ३०० अंश सेल्सियसवरून ६०० अंशांवर गेला, म्हणजे ५७३ केल्विनवरून ८७३ वर. हे गुणोत्तर जेमतेम दीड, पण त्याचा चौथा घात करून पाहा : प्रारण पाचपटींहून अधिक होते. जमिनीच्या दर चौरस मीटरवर सुमारे २० किलोवॉट उष्णता पडू लागली, की सतरंजी, खुर्च्या, कागद सारे जवळजवळ एकाच क्षणी पेट घेतात. भर दुपारचे ऊन सुमारे १ किलोवॉट असते. म्हणजे डोक्यावर वीस सूर्य! यालाच फ्लॅशओव्हर म्हणतात.

प्रयोगातील खोल्यांना समोर मोठे उघडे तोंड होते, त्यामुळे हवेची वाण नव्हती. दारे-खिडक्या बंद असतील तर? येथे गणित करू. खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, २.८ मीटर उंच. तिच्यात हवा सुमारे ४० किलोग्रॅम आणि तीत प्राणवायू ९ किलोग्रॅम. लाकूड जळो की फोम, १ किलोग्रॅम प्राणवायू खर्ची पडला, की सुमारे १३ मेगाजूल उष्णता निघते. तेव्हा सारी मिळून ११७ मेगाजूल. फोमचा मोठा सोफा ऐन भरात ३ मेगावॉटने जळतो. भागाकार करा : ३९ सेकंद! प्रत्यक्षात प्राणवायू पुरता संपण्याआधीच ज्वाळा मंदावतात. आग विझत मात्र नाही. तापलेला, ज्वलनशील वायूंनी भरलेला धूर हवेची वाट पाहत राहतो.

अनुभवी जवान फसतो तो येथे. ज्वाळा लहान, म्हणजे आग निवत आली, असे त्याला पूर्वीच्या आगींनी शिकविलेले असते. खिडकी फोडा, धूर बाहेर जाऊ द्या, मग आत शिरा, हाही जुना परिपाठ. पण धुराबरोबर उष्णता बाहेर जाते, तशी ताजी हवा आत येते आणि थोड्याच वेळात भडका उडतो. तोवर आपला जवान आत पोचलेला असतो. म्हणून आता शिकवितात ते असे : पाणी हाती येईपर्यंत दार शक्य तितके लोटलेले ठेवा आणि खिडक्या उघडणे व पाणी मारणे यांचा मेळ घाला. तीस वर्षांपूर्वीच्या प्रमाणपत्रात हे कोठून येणार?

नुसते वर्गात १८ तास बसून आग समजेल, यावर माझ्यातल्या मास्तराचा विश्वास नाही. प्रत्यक्ष सराव हवाच. पण गंमत अशी, की इमारतीतील आगीचा सराव लाकडी फळ्या, गवत किंवा गॅस जाळून करतात. सुरक्षिततेसाठी फोम जाळण्यास मनाई असते. म्हणजे सरावाची आग बरीचशी जुन्या वळणाचीच! नव्या आगीची चाल फळ्यावरच समजावून घ्यावी लागते, त्यामुळे वर्गातील तासही सोडता येत नाहीत.

आणखी एक चाचणी अमेरिकेत वर्षातून एकदा तरी होते, ती श्वसनाच्या मुखवट्याची. एका पद्धतीत मुखवट्याबाहेरच्या हवेतील सूक्ष्म कण मोजतात व आतलेही मोजतात. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या मुखवट्यात आतल्यापेक्षा बाहेर निदान ५०० पट कण असावे लागतात. गेल्या वर्षी घट्ट बसलेला मुखवटा यंदा बसेलच असे नाही. वजन घटते, दात पडतात, चेहऱ्याची ठेवण बदलते. आणि मुखवट्याची कड टेकते तेथे दाढीचे खुंट असले, तर परीक्षक चाचणी सुरूच करीत नाही. आधी दाढी करून या, म्हणतो.