काशाची तलवार लढाईत टिकेल का?

पायाला तेल चोळायची काशाची वाटी अनेक मराठी घरांत असते. तांबं आणि कथिल यांच्या अशाच मिश्रणातून साडेतीन हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये तलवारी बनत.

जर्मन उत्खननकार हाइनरिश श्लीमान यांना १८७६ साली ग्रीसमधल्या मायसिनी इथे जुन्या थडग्यांत अशा तलवारी सापडल्या. काही जवळपास एक मीटर लांब, पण पाती अरुंद. काहींच्या मुठींवर सोन्याचं काम. साहजिकच प्रश्न आला : या तलवारी लढायच्या होत्या की नुसत्या मिरवायच्या?

संग्रहालयातल्या तलवारीने वार करून बघता येत नाही. म्हणून अभ्यासक तशीच नवी तलवार बनवून घेतात आणि तिची परीक्षा घेतात.

आधी ओतायची, मग ठोकायची

साधारण नऊ भाग तांबं आणि एक भाग कथिल वितळवून रस साच्यात ओततात. वाटीत कथिल जास्त चालतं, पण तलवारीत ते वाढलं की पातं ठिसूळ होतं. लोहार पोलादी पातं तापवून त्याला पाणी देतो आणि ते कडक होतं. तलवारीच्या काशाला ही युक्ती लागू पडत नाही. त्याच्या कडा गार असतानाच हातोडीने ठोकून कडक कराव्या लागतात. फार ठोकलं तर तडा जातो. म्हणून मध्येच तापवून मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायचं. शेवटी दगडावर घासून धार लावायची.

दुबळी जागा मुठीजवळ

डब्लिनमधले पुरातत्त्वज्ञ बॅरी मॉलॉय यांनी अशा प्रतिकृती वापरून अभ्यास केला. त्यांच्या मते ही लांब पाती केवळ शोभेची नव्हती. शिकलेल्या हातात ती खरी हत्यारं होती.

मात्र एक उणीव होती. पात्याचा मुठीत जाणारा भाग आखूड होता आणि मूठ रिव्हेटने बसवलेली असे. भोसकताना हे चालून जाई, पण आडव्या वाराचा सगळा ताण नेमका त्या सांध्यावर येई. पुढच्या कारागिरांनी हा भाग हळूहळू लांब आणि रुंद केला. इसवी सनपूर्व १२००च्या सुमारास पातं आणि मुठीचा गाभा एकसंध असलेली तलवार ग्रीसमध्ये रुळू लागली. तिने भोसकताही येई आणि तोडताही येई.

लोखंड आल्यावर

पुढे लोखंडी तलवारी आल्या. ‘झिफोस’ दुधारी आणि पानाच्या आकाराची, तर ‘कोपिस’ एकधारी, पुढे झुकलेली, काहीशी खुकरीसारखी. घोडेस्वाराने कोपिसच वापरावी, असा सल्ला ग्रीक लेखक झेनोफन याने दिला, कारण उंचावरून खाली वार करायला ती सोयीची.

या तलवारींची नक्कल करताना फसगत सहज होते. आजच्या स्प्रिंगच्या पोलादाची कोपिस दिसायला हुबेहूब असते. ती वाकून पुन्हा सरळ होते. पण त्या काळच्या लोखंडात कार्बनचं प्रमाण एकाच पात्यात जागोजागी वेगळं असू शकायचं. कुठे मऊ, कुठे कडक. त्यामुळे नव्या पोलादावरची परीक्षा आपल्याला नव्या पोलादाबद्दलच सांगते, प्राचीन ग्रीसबद्दल नाही.

म्हणून एखाद्या व्हिडिओत ‘ग्रीक तलवारी’ची चाचणी दिसली, तर काय कापलं गेलं यापेक्षा पातं कशाचं आहे आणि मूठ कशी बसवली आहे, हे आधी बघा. आणि संग्रहालयात खरी तलवार दिसलीच, तर धारेआधी मुठीचा सांधा न्याहाळा. लढाईत पात्याची खरी कसोटी तिथेच लागायची.