मनगटावरचे पाच मीटर

नाशिकला गंगापूर रोडच्या मॅरेथॉन चौकात पहाटे गेलात, तर धावायला आलेली मंडळी आधी घड्याळाकडे बघत जागच्या जागी उभी दिसतील. विचारलं तर म्हणतात, 'सिग्नल घेतोय.' हा सिग्नल येतो 20,200 किलोमीटरवरून, ताशी सुमारे 14,000 किलोमीटर वेगानं पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांकडून. मनगटापर्यंत पोचताना त्यात काय जोर उरतो? एकावर सोळा शून्यं द्या, एका वॉटचे तेवढे भाग करा आणि त्यातला एक उचला. साधारण तेवढा. एवढ्यावर घड्याळ सांगतं, तुमचा पेस किलोमीटरला 6:10!

सिग्नलला यायला किती वेळ लागला, यावरून उपग्रह किती लांब हे कळतं, आणि निदान चार उपग्रहांची अंतरं जुळवली की आपली जागा कळते. पण प्रकाश सेकंदाच्या अब्जाव्या भागात 30 सेंटिमीटर जातो. म्हणून उपग्रहात अणुघड्याळं बसवलेली असतात, आणि ती वर दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे पळतात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाचा हा हिशेब धरला नाही, तर अंतर मोजण्यात दिवसाला 11 किलोमीटरहून जास्त चूक साठेल. सोमेश्वरपर्यंत जॉगिंग करून येणाऱ्याला आइन्स्टाइन लागतो, तो असा.

एवढा खटाटोप करूनही मोकळ्या आभाळाखाली साध्या जीपीएसची चूक पाचेक मीटरची असते. झाडाखाली किंवा इमारतींना आपटून आलेल्या सिग्नलमुळे ती आणखी वाढते. दोन फ्रिक्वेन्सी पकडणारी नवी घड्याळं बरी, पण चूक त्यांनाही चुकत नाही.

पाच मीटर म्हणजे किती, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. ग्वांगझूच्या 2010 च्या आशियाई स्पर्धेत सावरपाड्याची कविता राऊत 10,000 मीटर धावली 31 मिनिटं 51.44 सेकंदांत. नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली तयार झालेली ही मुलगी. तिच्या शर्यतीच्या वेळात जीपीएसचा एक उपग्रह जवळजवळ 7,400 किलोमीटर पुढे गेला असेल. सुवर्ण मिळालं केरळच्या प्रीजा श्रीधरनला, 31:50.47. फरक 0.97 सेकंदांचा. कविताच्या सरासरी वेगानं तो होतो पाच मीटर आणि वर काही सेंटिमीटर. म्हणजे दहा किलोमीटरच्या शेवटी सोनं आणि चांदी यांच्यात जेवढं अंतर होतं, तेवढं आपल्या हातातलं यंत्र सहज गिळून टाकतं. शिवाय बहुतेक घड्याळं सेकंदाला एकदा जागा टिपतात, आणि कविता एका सेकंदात 5.2 मीटर जात होती.

शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, हाही आकडा घड्याळ दाखवतं. त्याचं तर आणखी गमतीचं. प्रयोगशाळेत तोंडावर मास्क लावून ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळवतात आणि आत-बाहेर जाणारी हवा मोजतात. घड्याळ हवा मोजतच नाही. हिरवा दिवा कातडीवर टाकून ते नाडीचे ठोके टिपतं, त्यांना वेगाची जोड देतं आणि प्राणवायूचा अंदाज बांधतं. महिन्या-महिन्याची तुलना करायला तो उपयोगी. पण मित्राच्या आकड्याशी पैज लावण्याइतका तो पक्का नाही, आणि लोक नेमकी तीच लावतात.

मग मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटर मोजतो कोण? उपग्रह नव्हे, सायकल! पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचा छोटा गणक लावतात. तो साधारण दर नऊ सेंटिमीटरला एक आकडा पुढे सरकतो. टायर उन्हानं तापला की चाकाचा घेर किंचित वाढतो, म्हणून पोलादी टेपनं मोजलेल्या पट्ट्यावर तीच सायकल मोजणीआधी आणि नंतरही चालवून पाहतात. वळणावर कडेपासून 30 सेंटिमीटरवरून, सगळ्यात जवळची वाट धरतात. त्यावर हजारात एक भाग जादा धरायचा, म्हणजे रस्ता कमी भरायला नको. पूर्ण मॅरेथॉनला हे होतात 42 मीटर. धावणारा मात्र पाण्याच्या टेबलाकडे वळतो, गर्दीला वळसा घालतो, त्यात घड्याळाची रेघ नागमोडी पडते. शेवटी घड्याळात 42.6 दिसले की तो आयोजकांशी वाद घालायला जातो. रस्ता प्रमाणित असेल, तर निकालात सायकलवाल्याचंच अंतर धरलं जातं.