कार्डावरची विक्री आणि दुकानदाराचा हिशेब

फोंडाघाटच्या बाजारात नवे दुकान काढलेला आमच्या परिचयातील एक तरुण एके दिवशी बँकेच्या काउंटरवर तणतणत आला. कोकम, आगळ, काजूगर विकणारे त्याचे छोटे दुकान. दाजीपूरहून घाट उतरून आलेल्या एका कुटुंबाने त्याच्याकडून पाच हजार रुपयांचा माल क्रेडिट कार्डावर घेतला होता. खात्यात जमा झाले मात्र ४,८८२ रुपये. "काका, माजे ११८ रुपये खंय गेले?" असा त्याचा प्रश्न होता. मशीन घेताना त्याने सही केली होती, पण कागद वाचला नव्हता. आपल्या समाजातील अनेक मुलेमुली आज धंद्यात उतरत आहेत. म्हणून हा हिशेब येथे मांडत आहोत.

क्रेडिट कार्ड म्हणजे उधारीच. भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली ते आणले. वहीवरची उधारी बुडाली तर दुकानदार बुडतो. कार्डावर मात्र उधारी देते ती गिऱ्हाईकाची बँक. ती दुकानदाराला लगेच, बहुधा दुसऱ्या कामाच्या दिवशी पैसे देते आणि गिऱ्हाईकाकडून नंतर वसूल करते. या सोयीचे मोल म्हणून दुकानदाराकडून कमिशन कापले जाते. ते गिऱ्हाईकाची बँक, दुकानदाराची बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रूपे यांसारखी मधली यंत्रणा यांच्यात वाटले जाते.

त्या तरुणाचा दर दोन टक्के होता. पाच हजारांवर कमिशन १०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १८ रुपये, एकूण ११८. रक्कम लहान वाटते. पण कमिशन विक्रीवर लागते, नफ्यावर नव्हे. त्या मालात त्याला दहा टक्के, म्हणजे ५०० रुपये सुटणार होते. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा गेला. मशीनचे मासिक भाडे असेल तर ते वेगळेच.

सर्व कार्डे सारखी नसतात. यूपीआय आणि रूपे डेबिट कार्ड यांवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला असे कमिशन नाही. वार्षिक उलाढाल वीस लाखांपर्यंत असलेल्या दुकानदाराला इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून ०.४० टक्क्याची मर्यादा घातली आहे. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. तेथे दर ठरतो तो करारात, म्हणून दोन-तीन बँकांत चौकशी करावी.

सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: कोणत्या कार्डाला किती दर, मशीनचे भाडे किती, पैसे कधी जमा होणार, आणि गिऱ्हाईकाने व्यवहाराबद्दल तक्रार केली तर काय. तक्रार झाल्यास बँक रक्कम परत वळती करू शकते. अशा वेळी बिल व मशीनची पावती हाच पुरावा असतो, म्हणून दोन्ही जपून ठेवावीत. घाटाच्या पायथ्याशी मोबाईलची रेंज कधी जाते, कधी येते. मशीनवर मंजुरी आल्याशिवाय माल हातात देऊ नये. गिऱ्हाईकाचा पिन विचारू नये, कार्डाचा फोटोही काढू नये.

मग मशीन ठेवूच नये काय? तसे नाही. खिशात रोकड नसलेला प्रवासी कार्डामुळेच पाच हजारांची खरेदी करतो. त्या तरुणानेही मशीन ठेवले आहे. फक्त आता भाव ठरवताना तो कमिशन धरून चालतो. आपल्यापैकी कोणाला असा करार समजत नसेल, तर तो कागद घेऊन निःसंकोच बँकेत यावे. समजावून सांगणे हे आमचे कामच आहे.