संश्लेषित मादक पदार्थांच्या तस्करीचे नियंत्रण : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा

वनस्पतींपासून न काढता केवळ रासायनिक प्रक्रियांनी तयार केलेल्या मादक पदार्थांचे बेकायदेशीर उत्पादन, वाहतूक व विक्री रोखण्यासाठी निरनिराळ्या शासकीय यंत्रणांनी एकत्रितपणे करावयाची कार्यवाही. अफू व गांजा यांचे उत्पादन जमीन, ऋतू व हवामान यांवर अवलंबून असल्यामुळे त्यांचे मूळ शोधता येते. संश्लेषित पदार्थ मात्र बंद पडलेल्या कारखान्यातही तयार होऊ शकतात. म्हणून रासायनिक उद्योग विकसित झालेल्या प्रदेशांत हा प्रश्न विशेष बिकट असतो.

महाराष्ट्रात सध्या या वर्गातील मेफेड्रोन (बोलभाषेत ‘एमडी’) हा पदार्थ प्रमुख मानला जातो. तो प्रथम १९२९ मध्ये तयार करण्यात आला. मादक पदार्थ म्हणून त्याचा प्रसार एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाला. भारतात फेब्रुवारी २०१५ मध्ये तो गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या कक्षेत आणला गेला. त्याचे ५० ग्रॅम हे व्यापारी प्रमाण ठरविलेले असून त्याहून अधिक साठ्याबद्दल १० ते २० वर्षे सक्तमजुरीची शिक्षा आहे.

पार्श्वभूमी : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना निघाला आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) हा परिसर झपाट्याने वाढला. चाकण हे मुख्यतः मोटारउद्योगाचे केंद्र असून ते पुणे-नासिक मार्गावर आहे. जिल्ह्यातील रांजणगाव व कुरकुंभ ही औद्योगिक क्षेत्रे अनुक्रमे पुणे-अहिल्यानगर व पुणे-सोलापूर मार्गांवर असून कुरकुंभ येथे रासायनिक उद्योग एकवटले आहेत. त्यामुळे माल एका ठिकाणी तयार होतो, दुसऱ्या ठिकाणी पकडला जातो व तिसऱ्या ठिकाणी विकला जातो.

ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात सुमारे २० किग्रॅ. मेफेड्रोन पकडले, तपासाचा धागा रांजणगाव येथील कारखान्यापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे शहर पोलिसांनी कुरकुंभ येथील कारखान्यावर छापा घातला. त्याच तपासात सांगलीजवळील कुपवाड व दिल्ली येथेही साठे सापडले आणि एकूण जप्ती १,७०० किग्रॅ.च्या पुढे गेली.

समन्वयाची गरज : पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले. त्यापूर्वी चाकण पोलीस ठाणे पुणे ग्रामीण दलाकडे होते. आता एकाच जिल्ह्यात पुणे शहर, पिंपरी-चिंचवड व पुणे ग्रामीण अशी तीन दले आहेत. कारखान्याचा भूखंड औद्योगिक विकास महामंडळ देते, औषधनिर्मितीचा परवाना अन्न व औषध प्रशासन देते, सांडपाण्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळ लक्ष ठेवते आणि कामगारांच्या सुरक्षेची तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते. बंद कारखान्यात अचानक वाढलेला वीजवापर, उग्र वास अथवा भूखंड दुसऱ्यास भाड्याने दिल्याची नोंद या खुणा वेगवेगळ्या कार्यालयांत राहतात. त्या सुट्या असताना निरुपद्रवी वाटतात. एकत्र ठेवल्या तरच त्यांचा अर्थ लागतो.

यंत्रणा : १९८५ च्या अधिनियमानुसार पोलिसांप्रमाणेच सीमाशुल्क, महसूल गुप्तवार्ता, राज्य उत्पादन शुल्क व औषध नियंत्रण या खात्यांतील अधिकाऱ्यांनाही झडती व जप्तीचे अधिकार देता येतात. त्यांच्यात मेळ घालण्यासाठी १९८६ मध्ये केंद्रीय पातळीवर अमली पदार्थ नियंत्रण विभाग (एनसीबी) स्थापन झाला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या नार्को समन्वय केंद्राची २०१९ मध्ये शिखर, कार्यकारी, राज्य व जिल्हा अशा चार स्तरांवर फेररचना करण्यात आली. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये अमली पदार्थविरोधी कृती दलास मान्यता दिली.

कच्च्या रसायनांवरील नियंत्रणासाठी २०१३ चा आदेश असून अ‍ॅसिटिक अ‍ॅन्हायड्राइड, एफेड्रिन इ. रसायने हाताळणाऱ्यांना नोंदणी व नियतकालिक विवरणे बंधनकारक आहेत. तथापि यादीतील एका रसायनावर निर्बंध आले, की तस्कर यादीबाहेरील रसायनाकडे वळतात. शिवाय ही रसायने औषधे, रंग इत्यादींच्या निर्मितीसाठी आवश्यक असल्याने सरसकट बंदी घालता येत नाही. म्हणून उत्पादक व वितरक यांनी संशयास्पद मागणीची माहिती स्वतःहून देणे महत्त्वाचे ठरते.

मर्यादा : मार्च २०२४ मध्ये मेफेड्रोनच्या एका प्रकरणात पिंपरी-चिंचवड पोलिसांनी आपल्याच दलातील एका उपनिरीक्षकास अटक केली. जप्त मालाची मोजदाद व नमुने दंडाधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेण्याची अधिनियमातील तरतूद किती आवश्यक आहे, हे अशा घटनांवरून दिसते. दुसरी मर्यादा अशी, की जप्तीमुळे पुरवठा तात्पुरता खंडित होतो. मागणी कायम राहिल्यास उत्पादन नव्या जागी सुरू होते. उपचारास स्वेच्छेने तयार असलेल्या व्यसनाधीन व्यक्तीस विशिष्ट परिस्थितीत खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद अधिनियमात आहे. रात्रपाळी करणाऱ्या व घरापासून दूर राहणाऱ्या तरुण कामगारांची मोठी वस्ती असलेल्या या पट्ट्यात आरोग्य खाते, कारखाने व कामगार संघटना यांनाही समन्वयात स्थान मिळाल्यावाचून पोलिसी कार्यवाहीस स्थायी यश येणे कठीण आहे.